अपुरें तळघर

‘घर पाहावें बांधून’ या म्हणींतील मर्म घर बांधून संपल्यावरच पुरतें कळतें. बांधकाम चालू असतांना मालक उत्साहांत असतो. चूक कोठें झाली हें त्याला त्या घरांत राहूं लागल्यावर उमगतें. संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग आणि कॅनडा या थंड मुलखांत नवें घर बांधणाऱ्याच्या वांट्याला तर एक विलक्षण प्रसंग येतो. दुमजली घर असलें तर त्याच्या एकंदर जागेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तो जाणूनबुजून अपुरा ठेवतो. हा हिस्सा म्हणजे तळघर. भिंती उघड्या काँक्रीटच्या, जमीन काँक्रीटची, माथ्यावर उघड्या तुळया आणि त्यांमधून गेलेले नळ व तारा; एका बाजूस घर ऊबदार राखणारी भट्टी आणि पाणी तापविण्याची टाकी. मालक किल्ल्या हातीं घेतो, वरचे मजले सजवितो आणि खालच्या जागेकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हें पुढें सवडीनें पाहूं.’

या ‘पुढें पाहूं’मध्यें शहाणपण आणि घोटाळा दोन्ही एकत्र नांदत असतात. काम पुढें ढकलण्यांत शहाणपण आहे. विचार पुढें ढकलण्यांत घोटाळा आहे. तळघर अपुरें ठेवावें, परंतु त्याचा नकाशा अपुरा ठेवूं नये, हें सूत्र ज्यानें आरंभींच ध्यानांत घेतलें, त्याचें पुढील वीस वर्षांचें पुष्कळसें दुःख वांचतें.

मुळांत हें तळघर तेथें हौसेपोटीं आलेलें नाहीं. तें थंडीनें आणलें. हिवाळ्यांत जमिनींतील ओल गोठते, मातींत बर्फाचे थर धरतात आणि ते वाढत गेले म्हणजे वरची माती, व तिच्यावर कांहीं बांधलेलें असल्यास तेंहि, वर उचललें जातें. वसंतांत बर्फ वितळला कीं तीच माती पुन्हा खचते. या उचलण्या-खचण्यांत भिंतींना तडे जाऊं नयेत म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खालीं न्यावा लागतो. शिकागो शहरांत ही खोली ४२ इंच धरतात. मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागांत ती ५ फूट धरतात. इतकें खणावयाचेंच, तर आणखी थोडें खणून माणूस उभा राहील अशी जागा कां करून घेऊं नये, हा हिशेब सरळ आहे. उलट फ्लोरिडांत जमीन गोठत नाहीं आणि भूजलहि वर असतें. म्हणून तेथील घरांना बहुधा तळघर नसतें. पूर्वीं थंड मुलखांतील या जागेंत कोळशाची अवजड भट्टी आणि कोळशाचा ढीग असे. पुढें तेलावर आणि गॅसवर चालणाऱ्या आटोपशीर भट्ट्या आल्या, कोळसा गेला, आणि मोकळी झालेली जागा पाहून कुटुंबांना तेथें बैठकीची, खेळाची आणि पाहुण्यांच्या खोलीची स्वप्नें पडूं लागलीं.

तीं स्वप्नें लगेच पुरीं न करण्याचें कारण पैसा. घर घेतांना कर्जाचा हप्ता नवा असतो, मुलें लहान असतात आणि वरची जागा पुरेशी असते. दहा वर्षांनीं मुलें वाढतात, हप्ता अंगवळणीं पडतो, आणि तेव्हां जागेची खरी गरज लागते. वाढीला वाव ठेवून घर बांधण्याची ही रीत तळघरापुरतीच आहे असेंहि नाहीं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ सालीं लेव्हिटटाउन ही प्रसिद्ध वसाहत उभी राहूं लागली, तेव्हां खर्च वांचविण्यासाठीं तेथील घरें थेट काँक्रीटच्या लादीवर बसविण्यांत आलीं आणि तळघर गाळण्यांत आलें. परंतु त्यांतील पहिल्या घरांचा माळा अपुरा ठेवला होता. पुढें संसार वाढला तेव्हां अनेक कुटुंबांनीं त्या माळ्यावर खोल्या काढल्या. अपुरी जागा म्हणजे एका अर्थानें घराची शिल्लक होय.

या विषयाशीं मराठी माणसाचाहि आतां जवळचा संबंध आहे. १९६५ सालच्या कायद्यानें संयुक्त संस्थानांचें दार आशियांतील लोकांना मोकळें झाल्यावर महाराष्ट्रांतून डॉक्टर, इंजिनियर व शास्त्रज्ञ तेथें जाऊं लागले. १९८१ सालीं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होण्याइतका त्यांचा समाज वाढला. अशा घरांतून तळघर म्हणजे गणपतीची आरास मांडण्याची, नाटकाच्या तालमीची आणि दिवाळीच्या पंगतीची जागा. पुण्या-नागपुराहून आईवडील चार-सहा महिन्यांच्या मुक्कामास येतात, वरच्या खोल्या मुलांनीं व्यापलेल्या असतात, आणि मग घरांत ठरतें कीं, ‘खालीं ऐसपैस आहे, आजी-आजोबांची निजण्याची सोय तेथें करूं.’ ज्या क्षणीं हें वाक्य उच्चारलें जातें, त्या क्षणीं तळघर ही अडगळीची खोली राहत नाहीं. घरांतील वडील माणसें जेथें रात्रीं निजणार, ती जागा केवळ गालिचा अंथरून निजण्याजोगी होत नसते.

म्हणून घर बांधतांनाच तळघराच्या कामांची दोन याद्यांत वांटणी करावी. काँक्रीटच्या खालीं आणि काँक्रीटच्या आंत जें जावयाचें, त्याची एक यादी. काँक्रीटच्या अलीकडे जें राहील, त्याची दुसरी. दुसऱ्या यादींतील काम कधींहि करतां येतें. पहिल्या यादींतील काम राहून गेलें तर पुढें फरशी फोडावी लागते, भिंत कापावी लागते, आणि आरंभीं थोड्या खर्चांत झालें असतें त्याला कितीतरी पट अधिक द्यावे लागतात.

पहिल्या यादींत पहिला मान पाण्याचा. जमिनीखालीं कांहींहि ठेवावयाचें म्हणजे पाण्याशीं गांठ आहे, हें महाराष्ट्राला कांहीं नवें नाहीं. सांगलीजवळच्या हरिपुरांत पिढ्यान् पिढ्या हळद पेवांत सांठविली गेली. अरुंद तोंडाचीं आणि मोठ्या पोटाचीं तीं पेवें कोरड्या मातींत हळद वर्षानुवर्षें राखीत. परंतु २००५ सालच्या महापुरांत कृष्णेचें पाणी शिरलें आणि त्यांपैकीं अनेक पेवें निकामी झालीं. तळघराचेंहि तसेंच आहे. त्याच्या भिंतींना बाहेरून ओल-रोधक लेप द्यावा लागतो. पायाच्या कडेनें खडींत छिद्रांचा नळ पुरावा लागतो. त्या नळांतून आलेलें पाणी एका खड्ड्यांत जमून पंपानें दूर टाकलें जाईल अशी व्यवस्था लागते. घराभोंवतींच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार हवा. हें सारें मातींत झांकलें जाण्यापूर्वींच नीट झालेलें असावें. कारण कोरडेपणाची उणीव नंतर आंतून रंग लावून भरून निघत नाहीं.

दुसरी गोष्ट उंचीची. तेथील बहुतेक राज्यांनीं आधारास घेतलेल्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ या नियमसंग्रहाप्रमाणें राहण्याच्या खोलीस सात फूट उंची लागते. आठ फुटांची भिंत ओतली म्हणजे उंची भरपूर झाली असें मालकास वाटतें. परंतु त्यांतून जमिनीची लादी चार इंच घेते. माथ्याखालून गरम हवेची पेटी जाते ती आणखी आठ-दहा इंच घेते. आणि मग जेथें बैठक मांडावयाची नेमकें तेथें डोकें खालीं घालून जावें लागतें. भिंत एक फूट उंच ओतणें हा बांधकाम चालू असतांना बेताचा खर्च असतो. घर उभें राहिल्यावर मात्र ती उंची मिळविण्यास जमीन खोल खणण्याखेरीज मार्ग उरत नाहीं. तें जमण्यासारखें नसेल, तर निदान हवेच्या पेट्या मुख्य तुळईच्या कडेनें एकत्र न्याव्यात, म्हणजे माथा एकाच पट्ट्यांत खालीं येईल आणि बाकीची जागा मोकळी राहील.

खांब, जिना आणि भट्टी या तिघांच्या जागा कागदावर आहेत तोंवरच बदलतां येतात. तुळईखालील लोखंडी खांब भावी भिंतीच्या रेषेंत आला तर तो पुढें दिसेनासा होतो. तोच खोलीच्या मध्यावर आला तर जन्माचा पाहुणा होतो. जिना तळघराच्या एका टोकास उतरला तर सारी जागा ओलांडूनच पलीकडे जावें लागतें, आणि खोल्या पाडण्याऐवजीं वाटा पाडाव्या लागतात. तो मध्याच्या आसपास उतरला तर दोन्ही बाजू उपयोगास येतात. भट्टी व पाण्याची टाकी एका कोपऱ्यांत शेजारीं शेजारीं असाव्यात, त्यांच्यासमोर दुरुस्तीस येणाऱ्या माणसासाठीं अडीच फूट जागा असावी, आणि पुढें त्यांच्याभोंवतीं खोली केली तरी ज्वलनास लागणारी हवा तेथें पोंचावी. विजेच्या फळीवर चार रिकाम्या जागा सोडून ठेवण्यास कांहींच लागत नाहीं; फळी भरल्यावर ती बदलण्यास पुष्कळ लागतें.

तिसरी गोष्ट स्नानगृहाची. खालीं पाहुणे निजणार तर स्नानगृह लागणारच. त्याचे सांडपाण्याचे नळ फरशी ओतण्यापूर्वीं जमिनींत बसवून, तोंडाला बूच लावून ठेवतात. येथें एक लहानशी चूक वारंवार होते. कमोडच्या नळाचा मध्य पुऱ्या झालेल्या भिंतीपासून १२ इंचांवर असावा, असा ठरलेला मेळ आहे. कारागीर तें अंतर उघड्या काँक्रीटपासून मोजतो. दहा वर्षांनीं त्या भिंतीवर थंडी अडविणारा दोन इंचांचा फळा, साडेतीन इंचांची लांकडी चौकट आणि वर अर्ध्या इंचाचा पत्रा-जाड गिलाव्याचा तक्ता चढतो, एकूण सहा इंच होतात, आणि कमोड बसविण्यास जागाच उरत नाहीं. नळ आरंभींच १८ इंचांवर ठेवला असता तर कांहीं बिघडलें नसतें. तसेंच, बारीक नळाला दर फुटास पाव इंच उतार हवा. आणि गांवचें गटार तळघराच्या जमिनीहून उंच असलें तर सांडपाणी वर ढकलणाऱ्या पंपासाठीं झांकणाचा खड्डा आतांच करून ठेवावयास हवा. पंप पुढें घेतां येतो. खड्डा पुढें खणणें म्हणजे पुन्हा फरशी फोडणें.

आतांपर्यंतच्या चुकांत पैसा जातो. पुढच्या दोन गोष्टींत जीव जाऊं शकतो.

पहिली खिडकीची. रात्रीं जिन्याच्या बाजूस आग लागली तर तळघरांत निजलेल्या माणसानें बाहेर पडावें कोठून? अपुऱ्या तळघरांना पुष्कळदां माथ्याजवळ लांबट, अरुंद अशा खिडक्या असतात. त्यांतून उजेड येतो. माणूस जात नाहीं. म्हणून नियम असा कीं, निजण्याच्या प्रत्येक खोलीस सुटकेची एक वाट असावी. खिडकी असल्यास तिची उघडी जागा साधारणतः ५.७ चौरस फूट, उंची निदान २४ इंच, रुंदी निदान २० इंच. आणि तिचा उंबरठा जमिनीपासून ४४ इंचांहून वर नसावा. खिडकी जमिनीच्या पातळीखालीं असेल तर तिच्या बाहेर निदान ९ चौरस फुटांचा मोकळा खड्डा लागतो, आणि तो ४४ इंचांहून खोल असल्यास त्यांत कायमची शिडी लागते. हे आंकडे कोरडे वाटतात, परंतु त्यांत एका माणसाचें शरीर मोजलेलें आहे: त्याला पाय कोठें देतां येईल, खांदे कोठून निघतील, आणि पाठीवर श्वासाचें नळकांडें बांधलेला अग्निशामक आंत कसा येईल, याचा तो हिशेब आहे. सत्तरी उलटलेल्या आजीला ४४ इंचांचा उंबरठाहि जड जाईल. तिच्यासाठीं तो आणखी खालीं घ्यावा, किंवा त्या खोलीलगत बाहेर जाण्याचें दार ठेवावें. भिंत ओततांना सांच्यांत मोठ्या खिडकीची चौकट बसविणें हें एका दिवसाचें काम आहे. नंतर तेंच काम माती उपसून, काँक्रीट करवतीनें कापून आणि वरचा भार तोलून करावें लागतें. आणि म्हणूनच पुष्कळ घरांतून तें केलेंच जात नाहीं.

दुसरी गोष्ट हवेची. महाराष्ट्रांत धान्याचें पेव उघडल्यावर लगेच कोणी आंत उतरत नसे. तोंड कांहीं काळ मोकळें ठेवीत, कारण आंतील कोंडलेल्या हवेनें माणूस गुदमरून मेल्याचीं उदाहरणें ठाऊक असत. जमिनीखालची हवा डोळ्यांना दिसत नाहीं, पण ती निराळी असते, हें तें ज्ञान होतें. तळघरांतील धोका याहून मंद आहे. खडकांत आणि मातींत अल्प प्रमाणांत युरेनियम असतें. त्याच्या विघटनांतून रेडॉन नांवाचा किरणोत्सर्गी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो फरशीच्या फटींतून वर येतो आणि बंद जागेंत सांठतो.

याची जाणीव सर्वसामान्य लोकांना एका चमत्कारिक घटनेनें झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यांत लिमरिक येथें अणुवीजकेंद्र उभारलें जात होतें. तेथील स्टॅन्ली वॉट्रस या इंजिनियराच्या अंगावरील किरणोत्सर्गामुळें १९८४ सालच्या डिसेंबरांत केंद्रांतील इशाऱ्याचें यंत्र वाजूं लागलें. शोध करतां आढळलें कीं, किरणोत्सर्ग केंद्रांत लागलेला नसून घरून येत होता. त्यांच्या घरांतील हवेंत दर लिटरला सुमारें २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. संयुक्त संस्थानांच्या पर्यावरण खात्यानें उपाय योजण्यासाठीं ठरविलेली मर्यादा ४ पिकोक्युरी आहे. त्याच खात्याच्या अंदाजाप्रमाणें रेडॉनमुळें त्या देशांत दरवर्षीं सुमारें २१,००० माणसें फुप्फुसाच्या कर्करोगानें मरतात. धूम्रपानाखालोखाल हेंच त्या रोगाचें कारण आहे.

यावरील उपाय घर बांधतांना केला तर अगदीं साधा आहे. फरशीखालीं चार इंच स्वच्छ खडी, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचें आवरण, आणि त्या खडींतून निघून घराच्या आंतून थेट छपराबाहेर जाणारा तीन इंचांचा एक उभा नळ. घरांतील ऊबेनें नळांतील हवा वर चढते आणि वायूला आपल्याबरोबर बाहेर नेते. मोजणी करून प्रमाण तरीहि अधिक आढळलें तर माळ्यावर त्या नळाला पंखा जोडावयाचा. त्यासाठीं माळ्यावर विजेची जोडणी आधींच ठेवावयाची. पंखा कदाचित् कधींच लागणार नाहीं. परंतु लागला तर त्याची जागा तयार आहे. अपुऱ्या तळघराचें सारें तत्त्वज्ञान या एका नळांत सांपडतें.

आतां दुसऱ्या यादीकडे वळावें. म्हणजे जें खरोखरच पुढें ढकलावें त्याकडे. आंतल्या भिंती, जमिनीवरील आवरण, माथ्याचे तक्ते हीं कामें थांबविण्यांत केवळ बचत नाहीं, लाभहि आहे. ताज्या काँक्रीटमधील ओल कित्येक महिने बाहेर पडत राहते. शिवाय, एक-दोन पावसाळे आणि एक बर्फ वितळण्याचा हंगाम पाहिला म्हणजे पाणी कोठें झिरपतें कीं झिरपत नाहीं हें उघड्या भिंतीवर दिसतें. तीच भिंत घाईनें झांकली तर तें बुरशीच्या वासानेंच कळतें. थंड काँक्रीटला उन्हाळ्यांतील दमट हवा लागली कीं दंव धरतें. म्हणून काँचलोकर आणि प्लॅस्टिक थेट भिंतीशीं कोंडण्यापेक्षां ओल न धरणारे घट्ट फळे आधीं काँक्रीटला चिकटवून मग चौकट उभारणें हितावह ठरतें.

मातीचा स्वभावहि याच काळांत कळतो. कोलोरॅडो राज्यांत डेन्व्हर शहराच्या आसपास भिजली कीं फुगणारी चिकणमाती आहे. उन्हाळ्यांत भेगाळणारी आणि पावसांत फुगणारी काळी जमीन ज्यांनीं पाहिली आहे त्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाहीं. तेथें तळघराची फरशी वर उचलली जाते. म्हणून आंतल्या भिंती माथ्यापासून लोंबत्या ठेवून त्यांच्या तळाशीं दीड-दोन इंचांची फट सोडतात व ती पट्टीनें झांकतात. जेथें ही दक्षता नसते तेथें फरशी भिंतीला ढकलते आणि भिंत वरच्या घराला. दारें अडकूं लागतात, आणि मालकाला वाटतें सुताराची चूक झाली.

शेवटीं एक काम राहतें. त्याला पैसा लागत नाहीं. फरशी ओतण्याच्या आदल्या दिवशीं मालकानें मोजपट्टी घेऊन खालीं उतरावें. कोणता नळ कोणत्या भिंतीपासून किती इंचांवर आहे, खड्डा कोठें आहे, हें कागदावर मांडावें. मोजपट्टी जमिनीवर ठेवून छायाचित्रें घ्यावीं, आणि तो कागद घराच्या खरेदीखतांत ठेवावा. दुसऱ्या दिवशीं काँक्रीट येतें आणि तासाभरांत सारें करड्या सपाटीखालीं नाहींसें होतें. तळघर पुरें करण्याचें भाग्य कदाचित् याच कुटुंबाला लाभेल, कदाचित् पुढें तें घर विकत घेणाऱ्याला. ज्याला लाभेल त्यानें तो कागद उलगडावा, भिंतीपासून अठरा इंच मोजावे, आणि बूच नेमकें तेथें सांपडावें. ज्या रात्रीं त्या खोलींत प्रथम कोणी वडील माणूस निजेल, त्या रात्रीं उशाशीं उघडणारी खिडकी असावी आणि भिंतींतून तो नळ निमूटपणें छपराकडे गेलेला असावा. त्या माणसाला त्या दोहोंची आठवणहि होणार नाहीं, आणि तसेंच असावें.